गॅलिलिओची तुळई : एका चुकीच्या प्रतिमानाचे मोल

विज्ञानातल्या थोर ग्रंथांचे एक दुर्दैव असते. त्यांची नावे परीक्षेपुरती सर्वांना पाठ असतात, पाने मात्र फारच थोड्यांनी उलटलेली असतात. गॅलिलिओचा १६३८ साली हॉलंडमधील लायडन येथे छापला गेलेला ‘दोन नवी शास्त्रे’ हा ग्रंथ अशांपैकीच एक. खाली पडणाऱ्या वस्तूची गती, उतरणीवरून घरंगळणारा गोळा, तोफगोळ्याचा अन्वस्त मार्ग हे सारे याच ग्रंथात आहे, हे विज्ञान शिकवणाऱ्या बहुतेकांना ठाऊक असते. पण हे झाले दुसरे शास्त्र. मग पहिले कोणते?

पहिले शास्त्र आहे पदार्थांच्या मजबुतीचे. लाकडाची तुळई, संगमरवरी खांब, दोरखंड, प्राण्याचे हाड या वस्तू किती भार पेलतील आणि कधी मोडतील, याचे गणित मांडण्याचा हा पहिला पद्धतशीर प्रयत्न. आज कोणतीही इमारत किंवा पूल उभारण्यापूर्वी जे गणिती प्रतिमान मांडले जाते, त्याचे मूळ या पानांत सापडते. गंमत अशी की, त्या प्रतिमानातला मुख्य आकडाच चुकलेला आहे, आणि तोही थोडाथोडका नव्हे, तिपटीने. तरीही हा ग्रंथ विज्ञानाच्या शिक्षकाने वाचावा, असे आम्हांस आग्रहाने सांगावेसे वाटते. मात्र भक्तिभावाने नव्हे, तर हाती पेन्सिल घेऊन.

ग्रंथाची रचना

१६३३ साली रोम येथे झालेल्या खटल्यात शिक्षा झाल्यानंतर गॅलिलिओ फ्लॉरेन्सजवळच्या आर्चेत्री येथे स्वतःच्या घरी नजरकैदेत होता. ग्रंथ छापून आला तेव्हा त्याची दृष्टी गेलेली होती. हेन्री क्रू आणि अल्फोन्सो द साल्व्हिओ यांनी केलेले इंग्रजी भाषांतर १९१४ साली प्रसिद्ध झाले. ज्यांना इटालियन येत नाही, त्यांनी ते वाचायला हरकत नाही.

ग्रंथ संवादरूपाने लिहिला आहे. बोलणारे तिघे: गॅलिलिओची मते मांडणारा साल्व्हियाती, चौकस बुद्धीचा रसिक साग्रेदो आणि ॲरिस्टॉटलच्या परंपरेतला सिंप्लिचिओ. संवाद चार दिवस चालतो. सुरुवात होते ती व्हेनिसच्या आरमारी गोदीतल्या कारागिरांच्या अनुभवातून. लहान नमुना नीट टिकतो, पण त्याच प्रमाणात सगळी मापे वाढवून केलेली मोठी वस्तू टिकेलच असे नाही, हे कारागीर जाणून असतात. भूमितीत तर लहान आणि मोठा त्रिकोण समरूप असले की त्यांचे गुणधर्म सारखेच. मग लाकडाला आणि दगडालाच हा नियम का लागू पडू नये?

येथे साल्व्हियाती एक गोष्ट सांगतो. संगमरवराचा एक मोठा खांब दोन टोकांना दोन ओंडके देऊन आडवा ठेवला होता. मध्येच मोडू नये म्हणून कोणा शहाण्याने मधोमध तिसरा ओंडका सरकवला. सर्वांना ही युक्ती पसंत पडली. काही महिन्यांनी खांबाला तडा गेला, तो नेमका त्या मधल्या आधाराच्या वर. झाले होते असे की, टोकाचा एक ओंडका कुजून खचला, मधला मात्र घट्ट राहिला आणि खांबाचा अर्धा भाग अधांतरी लोंबकळू लागला. ही गोष्ट सांगून गॅलिलिओ पुढे जातो. पण बांधकामाचे गणित शिकणाऱ्याला यात आयुष्यभराचा धडा आहे. आधार वाढवला की सुरक्षितता वाढते हे गृहीतक आहे, नियम नव्हे.

पहिल्या दिवसाबद्दल आमची एक तक्रारही आहे. मजबुतीचा विषय सुरू होतो न होतो तोच चर्चा निर्वात पोकळी, अनंत संख्या, लंबक, संगीतातील स्वर अशी भटकत जाते. पदार्थाचे कण एकमेकांना का धरून राहतात, याचे उत्तर गॅलिलिओ पोकळीविषयीच्या निसर्गाच्या नावडीत शोधतो. ते उत्तर आज टिकत नाही. परंतु दुसऱ्या दिवसाचे गणित या उत्तरावर अवलंबून नाही, हे लक्षात घ्यावे. कण कशामुळे धरून राहतात ते कळो अथवा न कळो; सळई सरळ ओढली तर ती किती भाराला तुटते, एवढे मोजले की पुढचे गणित करता येते. पदार्थाचा गुणधर्म एका आकड्यात घालायचा आणि आकाराचा विचार वेगळा करायचा, ही वाटणी हाच या ग्रंथाचा पहिला मोठा गुण आहे.

भिंतीत रोवलेली तरफ

दुसऱ्या दिवशी येते ती प्रसिद्ध आकृती. पडक्या भिंतीत एक तुळई रोवली आहे आणि तिच्या मोकळ्या टोकाला वजन टांगले आहे. आपल्या घराचा सज्जा याच जातीचा: एक टोक भिंतीत, दुसरे अधांतरी.

गॅलिलिओ या तुळईकडे तरफ म्हणून पाहतो. भिंतीला लागून असलेली तुळईची खालची कड हा टेकू. टोकाचे वजन हा भार, आणि तुळईची लांबी ही भारभुजा. या भाराला विरोध करतात ते भिंतीजवळच्या छेदातले लाकडाचे तंतू. ते सर्व सारख्याच जोराने ओढ धरतात असे मानले, तर त्यांची एकत्रित ओढ छेदाच्या मध्यावर, म्हणजे टेकूपासून उंचीच्या निम्म्या अंतरावर धरता येते. सरळ ओढून तुळई तोडायला लागणारे बल आणि टोकाला टांगून तोडायला लागणारे वजन यांचे प्रमाण, लांबी आणि निम्मी उंची यांच्या प्रमाणाइतके असते, असा त्याचा निष्कर्ष आहे.

एक उदाहरण घेऊ. तुळईची लांबी १०० सेंटिमीटर, उंची १० सेंटिमीटर आणि सरळ ओढून तोडायला ६००० किलोचा भार लागतो असे समजा. गॅलिलिओच्या नियमाने टोकाला ६००० × ५ ÷ १०० = ३०० किलो टांगले की ती मोडेल. नववीतल्या मुलाला तरफ समजली असेल तर हे गणितही समजेल.

आता या एका विधानातून तो काय काय काढतो ते पाहावे. छेदाचे क्षेत्रफळ रुंदी × उंची, आणि बलभुजा निम्मी उंची; म्हणून तुळईचा प्रतिकार रुंदी × उंची² या प्रमाणात बदलतो. ३० मिलिमीटर रुंद आणि ३ मिलिमीटर जाड फूटपट्टी आडवी धरली तर हा गुणाकार ३० × ९ = २७०. तीच उभी धरली तर ३ × ९०० = २७००. म्हणजे उभी पट्टी दहापट समर्थ. लाकडी घरातली तुळई सुतार उभी का बसवतो, याचे उत्तर या दोन ओळींत आहे.

दुसरे असे की, तुळईची सगळी मापे दुप्पट केली तर तिचे वजन आठपट होते. ते वजन दुप्पट अंतरावरून काम करते, म्हणून त्याचे परिबल, म्हणजे बल गुणिले टेकूपासूनचे अंतर, सोळापट होते. प्रतिकार मात्र आठपटच वाढतो. म्हणून दुप्पट मोठी तुळई स्वतःच्या वजनापुढे निम्मी दुबळी ठरते. गोदीतल्या कारागिरांना जे हाताने कळत होते, ते येथे कागदावर सिद्ध झाले. हत्तीचे पाय हरणाच्या पायांसारखे सडपातळ का नसतात, हेही याच हिशेबातून उलगडते.

तिसरे तर फारच देखणे आहे. टोकाला भार असलेल्या तुळईची उंची सर्वत्र सारखी ठेवायची गरज नाही. टोकाकडे जाताना ती अन्वस्ताच्या वक्राने कमी करत नेली, तर मजबुती न गमावता एक तृतीयांश लाकूड वाचते. येथे एक बारीकसा दोष दाखवायला हवा. या वक्राप्रमाणे टोकाला तुळईची उंची शून्य होते, आणि शून्य उंचीच्या टोकाला वजन टांगता येत नाही. तेथे तुळई वाकून नव्हे तर कातरून तुटेल. त्या प्रकारचे तुटणे गॅलिलिओच्या प्रतिमानात नाहीच.

तिप्पट चूक

आता मुख्य दोषाकडे वळू. एक लांबट खोडरबर किंवा स्पंजचा तुकडा घ्यावा. त्याच्या कडेवर सारख्या अंतरावर उभ्या रेघा ओढाव्यात आणि एक टोक धरून दुसरे खाली वाकवावे. वरच्या बाजूला रेघा फाकतात, खालच्या बाजूला जवळ येतात आणि मधोमध त्यांचे अंतर बदलत नाही. म्हणजे वरचे तंतू ताणले जातात, खालचे दाबले जातात आणि मधले दोन्हींपासून अलिप्त राहतात. गॅलिलिओने मात्र सर्वच तंतू ताणलेले आणि तेही सारखेच ताणलेले धरले. टेकू खालच्या कडेला ठेवण्याची चूक यातूनच आली.

खरा हिशेब करून पाहू. ओढ आणि दाब मध्यावर शून्य, कडेला सर्वाधिक आणि मध्ये सरळ रेषेत वाढत जाणारे. वरच्या अर्ध्या भागातली सरासरी ओढ कडेच्या ओढीच्या निम्मी आणि क्षेत्रफळही निम्मे. म्हणून एकूण ओढ सरळ ओढून तोडायच्या बलाच्या एक चतुर्थांश. खालच्या भागातला दाबही तितकाच. या दोन बलांमधले अंतर उंचीच्या दोन तृतीयांश. १/४ × २/३ = १/६. गॅलिलिओकडे याच जागी १/२ आहे. म्हणजे आपल्या उदाहरणातली तुळई ३०० किलोला नव्हे, १०० किलोलाच मोडेल.

हा फरक केवळ ग्रंथातला नाही. ३०० किलो पेलेल म्हणून बांधलेल्या सज्ज्यावर १५० किलो चढवले तर काय होईल, हे सांगायला नको. गॅलिलिओची चूक धोक्याच्या बाजूला झुकणारी आहे. त्याने तुळई आहे त्यापेक्षा बळकट मानली.

ही चूक सुधारायला किती काळ लागला हे पाहण्यासारखे आहे. रॉबर्ट हुक याने ताण आणि लांबीतली वाढ यांचा नियम १६७८ साली, म्हणजे बरोबर चाळीस वर्षांनी प्रसिद्ध केला. फ्रान्समध्ये मारिऑट याने सळया मोडून पाहिल्या, तेव्हा गॅलिलिओचा आकडा फार मोठा येतो हे त्याच्या ध्यानात आले. त्याचे लिखाण त्याच्या मृत्यूनंतर १६८६ साली छापले गेले. पारां याने १७१३ साली योग्य विभागणी मांडली, तिच्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. कूलोम याने १७७३ साली तीच गोष्ट पुन्हा स्वतंत्रपणे दाखवली. आणि नेव्हिए याची व्याख्याने १८२६ साली प्रसिद्ध झाल्यावर १/६ हा आकडा अभियंत्यांच्या नित्य वापरात आला. जवळजवळ दोनशे वर्षे!

चूक शोधायला तुळया मोडून वजने मोजणे पुरेसे होते. उतरणीवरचा गोळा पुन्हा पुन्हा सोडून वेळ मोजणाऱ्या गॅलिलिओने तुळईच्या बाबतीत तशी मोजमापे दिलेली नाहीत. सिद्धता इतकी नीटस होती की पडताळा घ्यावासा वाटला नसावा. हा दोष आम्हांला आकड्याच्या चुकीपेक्षा मोठा वाटतो.

‘प्रमाण तरी बरोबर’ हे कितपत खरे?

गॅलिलिओच्या बाजूने एक युक्तिवाद नेहमी केला जातो: आकडा चुकला असेल, पण प्रमाण बरोबर आहे. १/२ च्या जागी १/६ घातले तरी रुंदी × उंची² हे तसेच राहते. उभी पट्टी दहापट समर्थ, दुप्पट तुळई निम्मी दुबळी, अन्वस्ताने एक तृतीयांश बचत, ही तिन्ही उत्तरे कायम राहतात, कारण दोन तुळयांची तुलना करताना तो चुकीचा गुणक दोन्हीकडून छेदला जातो. हा युक्तिवाद आम्हांला मान्य आहे; पण अर्धाच.

दुसऱ्या दिवसाच्या शेवटी गॅलिलिओ पोकळ वस्तूंकडे वळतो. पक्ष्यांची हाडे, बोरू, स्वतःहून जड ओंबी तोलून धरणारी गव्हाची काडी ही त्याची उदाहरणे. तो सांगतो की, तितक्याच पदार्थाची नळी आणि भरीव दांडा यांच्या मजबुतीचे प्रमाण त्यांच्या व्यासांच्या प्रमाणाइतके असते. हे पडताळायला पायथागोरसचे जुने त्रिकूट कामी येते. भरीव दांड्याचा व्यास ३ घ्या. नळीचा बाहेरचा व्यास ५ आणि आतला ४ घ्या. २५ − १६ = ९, म्हणजे दोन्हींत पदार्थ सारखाच. गॅलिलिओच्या मते नळी ५/३, म्हणजे सुमारे १.६७ पट समर्थ. नेव्हिएच्या रीतीने हिशेब केला तर उत्तर येते (२५ + १६) ÷ (५ × ३) = ४१/१५, म्हणजे सुमारे २.७३ पट. नळी जितकी पातळ, तितका हा फरक वाढतो आणि अखेरीस दुपटीजवळ जातो.

येथे आकडाच नव्हे, प्रमाणही चुकले. कारण उघड आहे. चुकीचा गुणक दोन्हीकडून छेदला जाण्यासाठी तो दोन्हीकडे सारखा असावा लागतो. भरीव गोल दांड्यात गॅलिलिओचा आकडा चौपट फुगतो, अगदी पातळ नळीत दुपटीनेच. छेदाचा आकार बदलला की गुणकही बदलतो. मध्यावरचे तंतू जवळजवळ रिकामे बसलेले असतात, हे माहीत नसल्यामुळे पोकळपणाचे खरे रहस्य गॅलिलिओच्या हातून निसटले. कळकाचा बांबू आतून पोकळ असून इतका भार कसा घेतो, लोखंडी गर्डरच्या वर-खाली जाड पट्ट्या आणि मध्ये पातळ पत्रा का असतो, याचे उत्तर त्या रिकाम्या तंतूंत आहे.

तेव्हा आमचे मत असे: गॅलिलिओचे प्रतिमान समरूप छेदांच्या तुलनेसाठी विश्वासार्ह आहे, वेगळ्या छेदांच्या तुलनेसाठी नाही, आणि प्रत्यक्ष भार ठरवण्यासाठी धोक्याचे आहे. कोणत्या प्रश्नासाठी वापरले, यावर त्याची किंमत ठरते.

आजची प्रतिमाने

आज आपण १/६ शिकवतो, म्हणजे सत्य शिकवतो, असा समज होण्याचा संभव आहे. तसे नाही. काँक्रीटची लहान तुळई वाकवून मोडली आणि १/६ च्या सूत्राने तिचे ताणबल काढले, तर ते सरळ ओढून मिळणाऱ्या ताणबलापेक्षा जास्त येते. मोडण्याच्या क्षणी ताण सरळ रेषेत वाढत नसतो, हे त्याचे एक कारण. म्हणून सळयांच्या काँक्रीटचे आजचे गणित नेव्हिएचा त्रिकोणही सोडून देते. दाबाच्या बाजूला आधी अन्वस्त आणि मग सपाट रेषा धरली जाते. ताणाच्या बाजूला काँक्रीटचा हिशेबच धरत नाहीत, सगळी ओढ सळयांवर सोपवतात. सज्ज्यात ताण वरच्या अंगाला येतो, म्हणून मुख्य सळया वरच हव्यात. गॅलिलिओचा आकडा चुकला, पण तुळई वरून उघडते हे त्याला ठाऊक होते. सळया खाली टाकणाऱ्या गवंड्याला तेवढेही ठाऊक नसते, आणि सज्जे कोसळतात.

आणखी एक उदाहरण भारतीय मानकातले. काँक्रीटचा स्थितिस्थापकता गुणांक काढण्यासाठी त्याच्या २८ दिवसांच्या घनबलाचे वर्गमूळ काढून एका स्थिरांकाने गुणतात. मानक ४५६ च्या १९७८ च्या आवृत्तीत हा स्थिरांक ५७०० होता. २००० च्या आवृत्तीत तो ५००० झाला. घनबल दर चौरस मिलिमीटरला २० न्यूटन असेल, तर गुणांक सुमारे २५,५०० वरून २२,४०० वर आला. काँक्रीट एका रात्रीत मऊ पडले नाही, प्रतिमान बदलले. शिवाय मितींचा विचार करणाऱ्या विद्यार्थ्याच्या लक्षात येईल की, दाबाच्या वर्गमूळाला नुसत्या संख्येने गुणून दाब मिळत नाही. म्हणजे त्या ५००० मध्ये एकके दडलेली आहेत. हे निसर्गाचे सूत्र नसून अनेक चाचण्यांवरून बसवलेली सोयीची रेषा आहे. सोय म्हणून ती उत्तम आहे. ती सोय आहे हे विसरले की घात होतो.

वर्गात काय करावे?

आपली पाठ्यपुस्तके सूत्र देतात, उदाहरणे देतात, पण ते सूत्र काय गृहीत धरते आणि कोठे लागू पडत नाही हे क्वचितच सांगतात. गॅलिलिओचा दुसरा दिवस ही उणीव भरून काढू शकतो. संवाद असल्यामुळे तिघा विद्यार्थ्यांकडून तो वाचून घेता येईल, आणि वाचून झाल्यावर ‘यात चूक कोठे आहे?’ असा प्रश्न टाकता येईल. थोर माणसाची चूक शोधायला मुलांना जो हुरूप येतो, तो त्याची स्तुती पाठ करायला येत नाही.

त्यानंतर सारख्याच मापाचे दोन कागद द्यावेत. एक घट्ट गुंडाळून डिंकाने चिकटवून बारीक दांडा करावा, दुसऱ्याची रुंद नळी करावी. दोन्ही वाळल्यावर दोन बाकांमध्ये आडवे ठेवून मधोमध दोऱ्याने थोडी थोडी वजने टांगावीत. नळी बळकट ठरायला हवी, असे गॅलिलिओ सांगतो. बरीच जास्त बळकट ठरायला हवी, असे नेव्हिए सांगतो. प्रत्यक्षात नळी फार रुंद केली असेल तर ती दोऱ्याखाली चेपली जाऊन आधीच मान टाकेल. हे चेपणे ना गॅलिलिओच्या हिशेबात आहे, ना नेव्हिएच्या. बांबूला पेरापेरावर गाठी का असतात, हा प्रश्न त्या वेळी कोणी ना कोणी विचारेलच. पुढचा तास तेथून सुरू करावा.